त्या दिवशी पथारीवर मिरची नव्हती

नंदुरबार, ५ जानेवारी २०२५

काजल,

फोन असताना पत्र का लिहिता, हे तू दरवर्षी विचारतेस. चौतीस वर्षं पोस्टमनकी केली, पाकिटाला डिंक लावलेला मला दिसतो. फोन म्हणतो की तुमचा संदेश कुलूपबंद आहे. मग किल्ली कोणाकडे आहे, ते तो का सांगत नाही? म्हणून फोन डब्यात असतो आणि मी टेबलाशी. तुझी आई असती तर म्हणाली असती, भाऊ म्हातारा झाला. झालोच आहे.

बातमी अशी की आपलं गाव आता सांस्कृतिक शहर झालं. हसू नकोस. 'आपलं शहर, आपली ओळख' नावाची कसलीशी योजना निघाली आहे, त्यात आपला नंबर लागला. स्टेशन रोडला कमान आली, भिंती रंगल्या. एका भिंतीवर मिरची काढली आहे, ती इतकी ढब्बू की धनुबाई कामावर जाता जाता थांबली. म्हणाली, "गिरधरभाऊ, हाई मिरची शे का वांगं?" मी म्हटलं, सरकारी मिरची आहे, ती अशीच असते.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन पथारीवर आली. मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली, दोनशे बायका देठ खुडत बसलेल्या, आणि हे दोघे मधूनच टेप ओढत चाललेले. मी विचारलं, कशासाठी मोजता? म्हणाले, अभ्यास आहे. मैदानाला लागून जी नवी कॉलनी झाली, तिथल्या लोकांना मिरचीचा ठसका लागतो म्हणून त्यांनी दोन अर्ज केलेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता तूच सांग, हा कसला अभ्यास.

आपल्या गल्लीतला हेमकांत मास्तर या योजनेच्या मागे धावतोय. तो सांगतो, पुण्याच्या कोणीतरी आपल्या गावावर चाळीस पानं लिहिली, म्हणून आपली निवड झाली. त्या पानांवर लिहिणाऱ्याचं नाव नाही. बिननावी पत्रं मी पुष्कळ वाटली, एकातही चांगली गोष्ट नव्हती.

तू नकाशे काढणाऱ्या हापिसात आहेस. मैदान कोण कशासाठी मोजतं ते कळव, आणि तो चाळीस पानवाला कोण, ते शोधून काढ. पथारी उठली तर धनुबाई आणि बाकीच्या बायका सुरतेकडे ऊस तोडायला जातील, घरं बंद पडतील. तुला हे मी सांगायला नको. पथारीवर आईच्या शेजारी बसून तू पाढे पाठ केलेस.

गिरधरमामा

*

पुणे, १५ जानेवारी २०२५

मामा, नमस्कार.

काल संक्रांत झाली. इथे आकाशात एकही पतंग नव्हता. तुमच्या गच्चीवरचा गोंधळ आठवला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की जागा मोजणं दर वेळी वाईटासाठी नसतं. एखादी जागा राखायची असली तरी आधी तिचा नकाशाच काढावा लागतो. योजनेबद्दल जे माझ्या कानावर आहे त्यावरून वाटतं की त्यांना भिंतीवरच्या मिरचीत नाही, खऱ्या मिरचीत रस असावा. हेमकांत सरांवर उगाच डोळा ठेवू नका, ते साधे आहेत. चाळीस पानं कोणी लिहिली, ते अशा कामात शेवटपर्यंत सांगत नाहीत. तसा नियम असतो.

मला थोडी माहिती हवी होती, सहज. पथारी या मैदानावर किती वर्षं पसरतात? मिरची पुरती वाळली हे बायका कशावरून ठरवतात? वाळत घातलेली मिरची उलटवायचं काम पायांनी करतात की हातांनी? देठ खुडायला बसताना कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं का? धनुमावशींना विचारून लिहा.

समिती पाहायला येईल तेव्हा सगळं रोजच्यासारखंच राहू द्या. एवढं नक्की करा.

काजल

*

नंदुरबार, २५ जानेवारी २०२५

काजल,

तुझी 'सहज' माहिती घे. धनुबाईच्या सासूपासून पथारी इथेच आहे, म्हणजे साठ वर्षांच्या वर. उलटवणं पायांनी, अनवाणी, बोटं मिरचीखाली सरकवत. चप्पल घातली की मिरची फुटते. वाळल्याचं कसं कळतं, तर धनुबाई म्हणाली, "कानले लायीसन हालाडानी. बिया वाजन्यात का समजी जावानं." बसायची जागा ठरलेली असते. जिची आई जिथे बसली तिथे ती बसते. तुझ्या आईची जागा पूर्वेच्या बांधाला होती, तिथे आता कोणी बसत नाही, पोती ठेवतात.

आता माझा प्रश्न. हे तुला कोणी विचारायला लावलं? पाढे म्हणत जिथे वाढलीस तिथे मिरची पायांनी उलटवतात हे तुला माहीत नाही? हे प्रश्न माझ्या भाचीचे नाहीत, कुठल्या तरी फॉर्मावरचे आहेत. तुझ्या हापिसात कोणीतरी तुझ्याकडून आपल्या घरातलं काढून घेतंय. तू भोळी आहेस, आईवर गेलीस. सांभाळ.

समिती सहा फेब्रुवारीला येणार. हेमकांत गल्लोगल्ली सांगत फिरतो की ते आपला गौरव करायला येताहेत. गौरव करणारा आधी टेप लावत नाही. चुनीलालशेठ, ज्यांचा निम्मा माल पथारीवर पडलेला असतो, त्यांनी बाहेर चौकशी केली. कुठल्याशा गावात अशीच समिती आली, धूळ उडते, ठसका लागतो असं लिहून घेतलं, आणि पुढच्या हंगामाला तिथे तारेचं कुंपण. शेठच्या ओळखीच्या माणसाच्या ओळखीच्या माणसाने हे सांगितलं. तरी धूर निघाला म्हणजे काहीतरी पेटलंच असणार.

काल पथारीवर सगळे जमले. सरकारी कागदातला माणूस म्हणून मलाच पुढे केलं. मी एक तोड काढली आहे. ती कागदावर लिहीत नाही. एवढंच सांगतो की सहा तारखेला समितीला पथारीवर बोट ठेवायला एकही जागा मिळणार नाही.

गिरधरमामा

*

पुणे, १ फेब्रुवारी २०२५
(स्पीड पोस्टाने)

मामा,

तीनदा फोन केला. शेजारच्या रतिलालकाकांच्या फोनवरही केला, ते म्हणाले तुम्ही फोनवर यायला तयार नाही.

तुम्ही जे काही योजलं आहे ते करू नका. मिरची असू द्या, बायका असू द्या, धूळ असू द्या, ठसका लागला तर लागू द्या. समितीत चांगली माणसं आहेत हे मला खात्रीने माहीत आहे. कसं माहीत ते आज लिहिता येत नाही. सहा तारखेनंतर सगळं लिहीन. या एका वेळेला माझ्यावर विश्वास ठेवा.

काजल

*

नंदुरबार, ८ फेब्रुवारी २०२५

काजल,

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. वाचून मी ओळखलं की तुला दाबलंय. खात्री आहे पण कशी ते लिहिता येत नाही, असं माणूस केव्हा लिहितो हे मला चांगलं कळतं. त्यामुळे माझा हुरूप वाढला.

आता ऐक. चार आणि पाच तारखेला आम्ही पथारी उचलली. सगळी. बायकांनी टोपल्यांनी भरली, बत्तीस ट्रॅक्टर फेऱ्या झाल्या. अर्धी चुनीलालशेठच्या गोदामात, उरलेली धानोऱ्याला त्यांच्या व्याह्याच्या खळ्यावर. मग मैदान खराट्याने झाडलं, टँकरने पाणी मारलं. लाल रंगाचा ठिपका शिल्लक राहिला नाही. धनुबाई मध्येच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊ, आपली मिरची आपूनच दपाडी ऱ्हायनूत?" मी म्हटलं, दोन दिवस लपवू आणि साठ वर्षं वाचवू. तिने टोपली उचलली.

सहा तारखेला सकाळी अकराला तिघं आली. दोन पुरुष, एक बाई. बाईंनी मैदान पाहिलं आणि विचारलं, "मिरची कुठे आहे?" मी म्हटलं, "कसली मिरची? मिरची मार्केट यार्डात असते. इथे पोरं क्रिकेट खेळतात." त्यांनी हातातले कागद चाळले. पुन्हा विचारलं, "आणि बायका? इथे दोनशे बायका बसतात ना?" मी म्हटलं, कोणीतरी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हेमकांत तोंड उघडायला लागला, तेव्हा चुनीलालशेठने त्याला चहाला नेलं. मग त्या म्हणाल्या, हे तुम्ही लिहून द्याल? मी म्हटलं, का नाही. स्वच्छ अक्षरात लिहून दिलं की या मैदानावर मिरची वाळवत नाहीत आणि पूर्वीही वाळवत असल्याचं मला माहीत नाही. खाली सही, पूर्ण नाव, निवृत्त टपाल कर्मचारी.

बाईंचा चेहरा पार उतरला. डाव फसला की असाच उतरतो.

सात तारखेला मिरची परत पसरली. बायकांनी मला नारळ दिला. चौतीस वर्षांत एवढा मान कोणी दिला नव्हता, हे तुला सांगायला लाज नाही.

गिरधरमामा

*

पुणे, २० फेब्रुवारी २०२५

मामा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

ती चाळीस पानं मी लिहिली आहेत.

दोन वर्षं लागली. योजना शहरांची नावं मागत होती, आमच्या ऑफिसातून कोणीतरी कमानी आणि कारंजी सुचवत होतं. मी पथारी सुचवली. पहिल्या पानावर आई आहे, नाव न घालता, पूर्वेच्या बांधाला बसलेली. मी मागितलं होतं की हे मैदान मिरची वाळवण्यासाठीच राखून ठेवावं, कागदोपत्री, कायमचं. कॉलनीने कितीही अर्ज केले तरी उठवता येणार नाही असं. बायकांना सावलीला छप्पर, प्यायला पाणी, संडास. पथारी आज कोणाच्याही कागदावर नाही मामा, म्हणूनच ती कधीही उठू शकते. ती कागदावर यावी एवढ्याचसाठी सगळं केलं. समिती फक्त पाहायला येणार होती की मी लिहिलं ते खरं आहे का.

त्या बाई माझ्या बाजूच्या होत्या. डाव फसला म्हणून त्यांचा चेहरा उतरला नाही. त्यांना वाटलं, या मुलीने मला फसवलं.

अहवाल आला आहे. 'मोकळी जागा. सांगितलेली परंपरा अस्तित्वात नाही. स्थानिक ज्येष्ठ नागरिकाचे लेखी निवेदन सोबत जोडले आहे.' तिथे आता बाग होणार आहे. मध्ये सिमेंटची एकवीस फुटी मिरची, बाजूला गाड्या लावायला जागा. तुमच्या निवेदनाची प्रत माझ्या टेबलावर आली. नाव वाचायच्या आधी मी अक्षर ओळखलं. लहानपणापासून याच अक्षरातली पत्रं वाचत आले आहे.

मला तुमचा खूप राग आला. अजून आहे. पण मीही तुम्हाला सांगितलं नाही. नियम होता हे खरं, पण नियम मोडून तुम्हाला एका ओळीत कळवता आलं असतं. कळवलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही ते गावभर कराल आणि कोणीतरी त्यात खोडा घालेल. मी तुमच्यावर संशय घेतला.

हरकतींची सुनावणी दहा मार्चला शाळेच्या सभागृहात आहे. हेमकांत सर, शेठ, कोणीही काहीही म्हटलं तरी तुमचा कागद फाइलमध्ये राहील. तो खोटा आहे असं फक्त तो लिहिणाराच सांगू शकतो.

काजल

*

नंदुरबार, १ मार्च २०२५

काजल,

पाच दिवस पत्र उशाशी घेऊन झोपलो. झोपलो म्हणायचं एवढंच.

आधी मला तुझा राग आला, तो लिहून टाकतो. माझ्या बहिणीची मुलगी आमच्यावर चाळीस पानं लिहिते आणि मी तिलाच लिहितो की तो लिहिणारा शोध. तू ते वाचून गप्प बसलीस. तुझे ते सहज प्रश्न आठवले की कानशिलं तापतात. मला वाटलं तुला कोणीतरी वापरतंय, आणि तू मलाच माहिती विचारून घेत होतीस.

पण मैदान झाडायला तू सांगितलं नव्हतंस. ते माझं.

रोज पथारीवरून जातो, बायका चहा देतात. धनुबाईने पोत्यावर मला बसायला जागा केली आहे. मी चहा पितो आणि घरी येतो. तिला सांगायला तोंड उघडत नाही. तुझ्याच्याने काही होणार नाही का? निवेदन गहाळ झालं, असं होतं सरकारात. टपालात तर होतंच, मी पाहिलंय. तुझ्या टेबलावर प्रत आहे म्हणतेस, तर मूळ कागद कुठे असतो ते तुला माहीत असेल.

मामा

*

पुणे, ५ मार्च २०२५

मामा,

एक खोटा कागद आधीच फाइलमध्ये आहे. दुसरी खोटी गोष्ट मी करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही.

दहा तारखेला मला तिथे यायला मनाई आहे, ती चाळीस पानं माझी म्हणून. आले असते तर तुमच्या शेजारी उभी राहिले असते.

धनुमावशींना आधी सांगा. सभागृहात त्यांना पहिल्यांदा कळायला नको.

काजल

*

नंदुरबार, १६ मार्च २०२५

काजल,

होळी झाली, आता लिहितो.

नऊ तारखेला दुपारी पथारीवर गेलो. धनुबाई देठ खुडत होती. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तुझी चाळीस पानं, समिती, माझा कागद, सिमेंटची मिरची. तुझी चूकही सांगितली, लपवली नाही. ती हात न थांबवता ऐकत राहिली. बाजूच्या बायकांचे हात थांबले होते. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, म्हणेल बाहेरच्यांनी फसवलं. ती म्हणाली, "माले एक सांग. समितीवाला उनात, त्यासनी तुले इचारं. तू त्यासले सांगं. काजलनी कागदवर लिखं. देठ आम्ही तोडतस, आम्हले कोनी इचारं?"

हा प्रश्न तुलाही आहे. मी कमानीवर संशय घेतला, टेपवर घेतला, हेमकांतवर घेतला, तुझ्या हापिसावर घेतला. त्या बायकांवर विश्वास आहे असं समजत होतो. पण त्यांना विचारावं, असं एकदाही मनात आलं नाही. विश्वास असता तर विचारलं असतं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. कॉलनीवाले पुढे बसले होते, त्यांना बाग हवी आहे. माझं नाव पुकारलं. मी उभा राहून सांगितलं की सहा फेब्रुवारीचं निवेदन माझं आहे आणि ते खोटं आहे. मिरची आम्ही लपवली होती, लपवायला मी सांगितलं होतं. मागून कोणीतरी हसलं. अधिकारी तरुण होते, रागावले नाहीत. कागद पुढे-मागे करून त्यांनी शांतपणे विचारलं, "आजोबा, तेव्हा तुम्ही सही करून खोटं बोललात. आज खरं बोलताय हे मी कशावरून धरू?"

आयुष्यभर हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत आलो. मला कोणी विचारला नव्हता. हेमकांत उठला, फोटो आहेत म्हणाला. अधिकारी म्हणाले, फोटो कुठलेही असू शकतात. तेही बरोबर होतं.

मग मागच्या रांगेतून धनुबाई उठली. कामावरून तशीच आली होती. म्हणाली, "साहेब, यानावर भरोसा ठेवू नका. मन्हावर बी ठेवू नका. न सांगता या, आनि तुम्हना डोयाघाई देखा." एवढं बोलून खाली बसली. अधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. शेवटी सांगितलं की निर्णय थांबवतो, हंगाम संपायच्या आत जागेची पुन्हा पाहणी होईल, तारीख कळवली जाणार नाही.

तेव्हापासून पथारी रोजच्यासारखी चालू आहे. कोणी काही झाडत नाही, कोणी काही मांडत नाही. समिती येईल की नाही ठाऊक नाही. आली तर कॉलनीवाल्यांचं ऐकेल की डोळ्यांचं, तेही ठाऊक नाही. मला बरं वाटत नाही आणि मी त्याबद्दल कोणावर संशयही घेत नाही, हे माझ्यासाठी नवीन आहे.

पोत्यावरची जागा गेली. ते ठीकच आहे. काल धनुबाईने मला हाक मारली ती उभ्या उभ्याच. म्हणाली, समिती आली तर तू तिकडे फिरकू नकोस. मी हो म्हटलं. मग म्हणाली, "काजलले लिख, ते चाळीस पान लयीसन ये. आम्हनासमोर बठीसन वाच. चुकी व्हई ते आम्ही सांगसूत."

मी म्हटलं, तिला सुट्टी मिळेपर्यंत थांबायचं कशाला, ती पानं पोस्टाने मागवतो आणि मी वाचून दाखवतो. चौतीस वर्षं या मैदानावर बायकांना त्यांच्या घरची पत्रं मीच वाचून दाखवली. सासरची, माहेरची, मयताचीसुद्धा. धनुबाईच्या भावाचं शेवटचं पत्र मी वाचलं होतं.

ती म्हणाली, "तू नको वाचू. तू बदलीसन वाचशी."

तर तूच ये.

मामा